फोटो काढला, पण कार्ड टाकलं का?



गेल्या वर्षी श्रावणातली गोष्ट. सुनेनं कशासाठी तरी माझा मोबाइल घेतला आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आईंच्या मोबाइलमध्ये आमच्या पिल्लूपेक्षा पोस्टाच्या पेट्यांचे फोटो जास्त आहेत." मोजून बघितलं तर खरंच. पेट्या दोनशे चौदा, नातू एकशे नव्वद. घरभर हशा झाला. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांचा जाप चालला होता. तो पूर्ण झाल्यावर माळ डबीत ठेवत त्या म्हणाल्या, "हा अनर्थदंड नव्हे का गं?"

स्वाध्यायाला बसणाऱ्या आपल्या बायकांना शब्द नवा नाही. ज्यातून ना संसाराचं काम होतं ना धर्माचं, अशी निष्कारण खटपट आणि तिच्यापायी होणारी जीवांची विराधना. मी स्कूटीवरून गावोगाव जाते. पावसाळ्यात रस्त्यावर गोगलगाई असतात, मृगाचे किडे असतात. आणि जाते कशासाठी? तर एका लाल डब्याचा फोटो काढायला. सासूबाईंनी स्वतः चातुर्मासात गावाची वेस ओलांडायची नाही असं देशव्रत घेतलेलं. त्यांनी विचारलं ते चुकीचं नव्हतं. मला लगेच उत्तर देता आलं नाही. जे सुचलं ते नंतर, आणि तेही एक चूक पदरात घेतल्यावर. म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधी हे वेड लागलं कसं ते सांगते. माझी भाची अमेरिकेत असते. तिनं एकदा शेजारच्या घराबाहेरच्या पेटीचा फोटो पाठवला. पेटी म्हणजे चक्क तोंड उघडलेला मासा. तिकडे प्रत्येकाच्या दाराशी स्वतःची पेटी असते, आणि तिला बाजूला एक छोटं लाल निशाण असतं. आपल्याला पत्र पाठवायचं असेल तर ते आपल्याच पेटीत ठेवायचं आणि निशाण उभं करायचं. पोस्टमन येतो, आलेलं टाकतो, जाणारं घेऊन जातो. त्यामुळे पेटीला हौसेनं ट्रॅक्टरचं, कोठाराचं, कुत्र्याचं रूप देतात. भाची म्हणाली, "मावशी, आपल्याकडे सगळ्या सारख्याच असतात ना गं? लाल आणि गंजलेल्या." मला ते लागलं. दुसऱ्या दिवशी मंदिरातून येताना गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पेटीचा फोटो काढला आणि तिला पाठवला. वरच्या टोपीवर कुणीतरी पारिजातकाची फुलं ठेवली होती. तिथून सुरुवात झाली.

आणि सांगते, सारख्या मुळीच नसतात. पेटी सरकारची असते, पण भिंत माणसाची असते. खेड्यातलं शाखा टपाल कार्यालय बहुतेक ठिकाणी पोस्टमास्तरच्या राहत्या घरात किंवा दुकानात चालतं, म्हणजे पेटी जिथे त्यांचा संसार तिथे. माढा तालुक्यातच मी पेटी पिठाच्या गिरणीच्या दारात बघितली आहे. लाल रंग नावालाच, वरून सगळी पांढरीशुभ्र. गिरणीवाले दादा म्हणाले, "काकू, पुसली तरी दुपारपर्यंत परत तशीच." एका गावात ती कडुनिंबाला तारेनं बांधली आहे, आणि झाड वाढलं तशी तार खोडात रुतली आहे. एके ठिकाणी ग्रामपंचायतीनं शाळेचं कुंपण हिरवं रंगवताना उरलेल्या रंगात पेटीही उरकून टाकली. एका पेटीवर निवडणुकीचं पोस्टर असं चिकटवलंय की पत्राची फट नेमकी उमेदवाराच्या तोंडावर येते. (कुठला पक्ष ते विचारू नका.) एका गावात एक आजी दसऱ्याला पेटीला हळदकुंकू लावतात. का, तर त्यांचा मुलगा फौजेत असताना मनीऑर्डर पोस्टातून यायची. मनीऑर्डर काही त्या पेटीतून येत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

घरांच्या पेट्या तर आणखी वेगळ्या. तेलाचा पंधरा किलोचा डबा आडवा ठोकून त्याला वर चीर पाडलेली. पाइपलाइनचा उरलेला हातभर तुकडा, एका बाजूनं बूच बसवलेला. जुनं हेल्मेट उलटं टांगलेलं. एका डॉक्टरांच्या बंगल्याबाहेर सागवानी पेटी आहे, तिला कौलारू छप्पर आणि पुढे तुळशीवृंदावनसुद्धा. आपल्या मंदिराच्या दाराशी एकदा गंमत झाली. कुणाच्या तरी लहान मुलानं शेजारच्या दुकानाच्या पत्रपेटीत रुपयाचं नाणं टाकलं आणि हात जोडले. दानपेटी आणि पत्रपेटी यांत त्याला फरक दिसेना. मला तरी तो कुठे फारसा दिसतो? दोन्हीकडे फट असते, आपण काहीतरी आत सोडतो आणि ते परत हाताला लागत नाही.

तालुक्याबाहेर जाणं झालं की मी तिथेही बघते. कुर्डुवाडी जंक्शनला पूर्वी बार्शी रोड म्हणायचे. बार्शी लाइटची छोटी गाडी तिथून १८९७ मध्ये सुरू झाली. रेल्वेच्या टपालडब्यालाच पूर्वी पत्रं टाकायची फट असायची. थोडे जास्तीचे पैसे भरून गाडी सुटता सुटता पत्र टाकता यायचं. माझे सासरे असं पत्र टाकायला धावत गेल्याच्या गोष्टी सांगायचे. मुंबईत गेलं की जीपीओसमोर उभं राहायला मला आवडतं. १९१३ साली पुरी झालेली ती इमारत, आणि तिचा घुमट आपल्या शेजारच्या विजापूरच्या गोलघुमटावरून सुचलेला. मोठ्या शहरांत रंगाचाही हिशोब असतो. लाल नेहमीची, हिरवी गावातल्या गावात जाणाऱ्या पत्रांसाठी, निळी महानगरांसाठी, पिवळी राज्यांच्या राजधान्यांसाठी.

जगात तर रंग म्हणजे देशाची ओळखच झाली. उभ्या खांबासारख्या पेट्या ब्रिटनच्या टपालात आल्या त्या १८५२ मध्ये, जर्सी बेटावर. ती सूचना अँथनी ट्रोलोप या कादंबरीकाराची. तो टपाल खात्यात नोकरीला होता. लाल रंग ठरला नंतर, १८७४ पासून. आयर्लंड १९२२ मध्ये स्वतंत्र झालं तेव्हा त्यांनी इंग्रजांच्या लाल पेट्या उपटल्या नाहीत, फक्त हिरव्या रंगवल्या. आजही त्या हिरव्या रंगाखाली व्हिक्टोरिया राणीची अक्षरं उठून दिसतात. मला ही युक्ती फार आवडते. काटकसरी बाईनं केल्यासारखी आहे. जर्मनीत ओइटिन गावाजवळच्या जंगलात तर एक ओकचं झाडच पेटी आहे. त्याला १९२७ पासून स्वतःचा पत्ता आहे. पोस्टमन खोडाच्या ढोलीत पत्रं ठेवतो आणि कुणीही शिडीनं चढून ती काढून वाचू शकतं. लग्न जुळवायला लोक तिथे पत्रं पाठवतात. आपल्या वधूवर मेळाव्यापेक्षा बरं म्हणायचं की वाईट, तुम्हीच ठरवा.

हे सगळं मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पत्र कितींना टाकलंस?"

एकालाही नाही. दोनशे चौदा पेट्यांसमोर मी उभी राहिले, कोन जुळवला, उन्हाची दिशा बघितली, आणि एकाही पेटीत कागदाचा कपटा टाकला नाही. संध्याकाळचा उजेड फोटोला चांगला असतो, पण सूर्यास्ताच्या आत घरात जेवणं व्हायची असतात म्हणून मी सकाळी मंदिरानंतर जाते, एवढं काटेकोर नियोजन करते. पण पन्नास पैशांचं कार्ड पर्समध्ये ठेवायचं कधी सुचलं नाही. देवळाच्या पायरीवर फोटो काढून आत न जाता परत येणारी माणसं आपण बघतो आणि नाक मुरडतो. मी तेच करत होते.

त्याच ऑगस्टमध्ये आपल्या सगळ्या ग्रुपवर तो मेसेज फिरला, आठवतंय? १ सप्टेंबरपासून लाल पेट्या कायमच्या बंद. रडकी तोंडं, जुन्या पोस्टमनची चित्रं, ‘एका युगाचा अंत’. आमच्या भिशीच्या ग्रुपवर तर चाळीस जणींनी हात जोडले. खरं एवढंच होतं की रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा स्पीड पोस्टमध्ये मिसळली. पेट्या जागेवरच राहिल्या. पण त्या चाळीस जणींपैकी शेवटचं पत्र कुणी कधी टाकलं होतं? मी विचारलं नाही, कारण मग मलाही सांगावं लागलं असतं.

डेन्मार्कमध्ये मात्र ते खरंच घडलं. १६२४ पासून चाललेल्या तिथल्या टपालानं २०२५ च्या अखेरीस पत्रं वाटणं थांबवलं आणि सुमारे दीड हजार लाल पेट्या उचलल्या. त्या पेट्या विकायला काढल्या तेव्हा हजारेक पेट्या काही तासांत संपल्या. पेटी सगळ्यांना हवी, पत्र कुणालाच टाकायचं नाही. आपल्याकडेही हे सुरू झालंय. हॉटेलांच्या दारात शोभेची लाल पेटी असते, ऑनलाइन तिची लहान नक्कल दिवाणखान्यासाठी मिळते. मला एका भंगारवाल्यानं खरीखुरी बिडाची पेटी देऊ केली होती. घरातल्यांना वाटलं मी आनंदानं घेईन. मी नाही म्हटलं. परिग्रहाचं परिमाण हा एक भाग झालाच. पण दिवाणखान्यातल्या पेटीत मी काय टाकणार? रिमोट?

आता मूळ गोष्टीकडे येते. दशलक्षण संपले की क्षमावाणी. आपण सगळ्या त्या दिवशी काय करतो? कुणीतरी बनवलेलं सुंदर चित्र येतं, कमळ असतं, दोन जोडलेले हात असतात, ‘मन, वचन, कायेनं कळत नकळत’ असा मजकूर असतो. आपण तो तीनशे जणांना एका बोटानं पुढे ढकलतो. उत्तरात तीनशे कमळं येतात. दुपारपर्यंत फोनची जागा भरते आणि आपण ती पुसत बसतो. मीही हेच करत आले. माझ्या यादीत ज्यांच्याशी माझं कधी भांडण होणं शक्यच नाही अशी माणसं जास्त. आमचा गॅसवाला, नातवाच्या शाळेतल्या बाई, सोलापूरचे शिंपी.

आणि ज्यांच्याशी खरं वैर होतं त्या माझ्या मोठ्या जाऊबाई. त्या बार्शीला असतात. सात वर्षांपूर्वी घरच्याच एका लग्नात, जेवणाच्या पंगती चालू असताना, मी त्यांना सगळ्यांसमोर म्हटलं होतं की आईंच्या पाटल्या तुम्हीच दडपल्या. पंधरा-वीस बायका ऐकत होत्या. त्या ताटावरून उठल्या. पुढे दोन महिन्यांनी पाटल्या सापडल्या. सासूबाईंनी त्या स्वतःच, चोरांच्या भीतीनं, साबुदाण्याच्या डब्यात तळाला ठेवल्या होत्या आणि विसरल्या होत्या. मी जाऊबाईंना फोन केला नाही. लाज वाटली, मग उशीर झाला, मग उशीर झाल्याची लाज वाटली. पण दरवर्षी क्षमावाणीला त्यांना कमळ मात्र जायचं, कारण त्या कुटुंबाच्या ग्रुपवर आहेत. त्यांचं उत्तर कधी आलं नाही. मी मनात म्हणायचे, बघा, मी मागते क्षमा, त्याच देत नाहीत.

सासूबाईंच्या त्या प्रश्नानंतर मी ठरवलं की या वर्षी पत्र लिहायचं. पोस्टात जाऊन आंतरदेशीय पत्र आणलं, अडीच रुपयांचं, चिकटवून बंद करता येतं म्हणून. सासूबाईंनी ते हातात घेतलं, उलटसुलट बघितलं आणि म्हणाल्या, "चूक पंगतीत केलीस. माफी बंद पाकिटात कशाला?"

मैत्रिणींनो, मला तो दिवसभर स्वयंपाक सुचला नाही. कार्ड म्हणजे उघडं. पोस्टमन वाचणार, जाऊबाईंच्या सुना वाचणार, शेजारीण वाचणार. १८७९ मध्ये आपल्याकडे कार्ड सुरू झालं ते स्वस्त म्हणून, पाव आण्याला. पण स्वस्ताईबरोबर हा उघडेपणाही आला. सासूबाई लहानपणी सोलापूरच्या श्राविकाश्रमात शिकायला होत्या. दर रविवारी घरी कार्ड लिहायचं. त्या म्हणतात, कार्ड लिहिताना लबाडी करायची सोय नसते. जागाही नसते आणि झाकणही नसतं. मी कार्ड आणलं. चार ओळी लिहिल्या. पाटल्या कुठे सापडल्या ते लिहिलं, मी काय बोलले ते लिहिलं, चूक माझी एकटीची असं लिहिलं. ‘कळत नकळत’ लिहिलं नाही. नकळत काहीच नव्हतं.

इथे मला जुन्या विज्ञप्तिपत्रांबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. श्वेतांबर परंपरेत पर्युषणानंतर गावचा संघ दूरच्या आचार्यांना क्षमापनेचं आणि पुढल्या चातुर्मासाला आमच्या गावी या असं विनंतीचं पत्र पाठवायचा. लांबच लांब गुंडाळी, आणि तिच्यावर चित्रं. आपल्या गावाची पेठ, दुकानं, मंदिरं, रस्त्यावरची माणसं. १६१० मधलं आग्र्याचं विज्ञप्तिपत्र उस्ताद शालिवाहन यांनी चितारलेलं आहे, आणि त्यात जहांगीराच्या दरबाराचं आणि पर्युषणातल्या जीवहिंसाबंदीच्या फर्मानाचं चित्र आहे. म्हणजे क्षमा मागताना गावाचं चित्र बरोबर पाठवायचं, ही आपली रीत चारशे वर्षांपूर्वीपासूनची. हे वाचलं तेव्हा माझ्या फोटोंबद्दलचं ओझं थोडं उतरलं. त्या चित्रकारानंही गल्ल्या फिरून दुकानं बघितली असतील. फरक एवढाच की त्याचं चित्र पत्रावर होतं आणि पत्र निघालं होतं.

मी कार्ड टाकलं ते मला सगळ्यात आवडलेल्या पेटीत. ते गाव कुठलं ते सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात कुणाला नाव ठेवायचं नाही. जुनी, बिडाची, उभी पेटी, बुंधा काळा, अंग लाल. आधी फोटो काढला, मग कार्ड सोडलं. आत टप् असा आवाज आला आणि मला इतकं हलकं वाटलं की परतीच्या वाटेवर मी णमोकार गुणगुणत आले.

आठ दिवस गेले. पंधरा गेले. बार्शी ती केवढी लांब? उत्तर नाही. आणि माझ्या मनात काय चाललं होतं ते प्रामाणिकपणे सांगते. पहिल्या आठवड्यात धाकधूक. दुसऱ्या आठवड्यात राग. एवढं उघडं कार्ड लिहिलं, स्वतःला कमी करून घेतलं, तरी यांचा ताठा जात नाही! तिसऱ्या आठवड्यात तर मी नवऱ्याजवळ बोलूनही दाखवलं. उत्तम क्षमा मागून तीन आठवडे झाले नाहीत तोच मी त्याच माणसाबद्दल नवं कर्म बांधत होते. क्षमा मागितली म्हणता म्हणता मी उत्तराची वसुली लावली होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्या बाजूला काम निघालं म्हणून पेटीकडे डोकावले. फटीवर कोळ्याचं जाळं. तीन आठवड्यांपूर्वी मी हात घातला होता तिथे अखंड जाळं! म्हणजे माझ्यानंतर तिथे कुणीच आलं नव्हतं. चौकशी केली. कुलूप गंजून अडकलेलं, किल्ली कुणाकडे कुणाला ठाऊक नाही, आणि पत्रं पडत नाहीत म्हणून उघडायची घाईही नाही. संबंधित माणसाला भेटले. तो बिचारा ओशाळला. त्यानं रीतसर विचारून दुसऱ्या दिवशी, दसरा झाल्यावर, कुलूप तोडून घेतलं. आत माझं कार्ड होतं. शाळेतल्या मुलांना कुणीतरी शिकवायला लिहून घेतलेली पाच-सहा कार्डं होती, ‘प्रिय आजी’ असं मोठ्या अक्षरांत. वाळलेली पानं आणि पालीची अंडी होती. अंडी त्यानं झटकू नयेत म्हणून मी पुढे झाले. त्यानंच पुठ्ठ्यावर अलगद घेऊन कडेच्या भिंतीच्या सांदीत ठेवली. कार्डं घेऊन तो गेला.

जाऊबाईंची चूक नव्हती. त्यांना कार्ड मिळालंच नव्हतं, आणि मी त्यांच्यावर पुन्हा एकदा, न बघता, आरोप ठेवून मोकळी झाले होते. पाटल्यांचंच दुसऱ्यांदा. या वेळी पंगतीत नाही, मनात, एवढंच.

तेव्हापासून मी नियम केला आहे. ज्या पेटीचा फोटो काढायचा तिच्यात एक कार्ड टाकायचंच. फोटो आधी नाही, कार्ड आधी. कुणाला लिहावं सुचलं नाही तर सासूबाईंच्या नावानं, आपल्याच पत्त्यावर, ४१३२०९ वर. पिनकोडचे हे सहा आकडेही आपल्याच माणसाची देणगी. केळशीचे श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी, त्यांनी ही पद्धत बसवली, १५ ऑगस्ट १९७२ पासून. कार्ड घरी आलं की कळतं, पेटी जिवंत आहे. नाही आलं तर जवळच्या पोस्टात जाऊन सांगायचं, भांडायचं नाही. आता काही पेट्यांच्या आत बारकोड लावलेला असतो आणि पेटी उघडली की पोस्टमन तो मोबाइलवर टिपतो, म्हणजे पेटी उघडली की नाही हे वरपर्यंत कळतं. पण आत किती पत्रं होती हेही कळतंच. रिकाम्या पेटीची नोंद रोज रिकामी होत राहिली तर ती पेटी ठेवा असं आपण कुठल्या तोंडानं म्हणणार?

एक अपवाद. टेंभुर्णीकडच्या वाटेवर एका पेटीच्या फटीत कुंभारीण माशीनं मातीची घरटी केली होती. तिथे मी कार्ड टाकलं नाही. फोटोही लांबून काढला. मातीची घरं रिकामी होईपर्यंत थांबले आणि मग माघात जाऊन कार्ड टाकलं. ते पोचलं.

काही जणींचं म्हणणं मला ठाऊक आहे. कागद म्हणजे झाड, मोबाइलमध्ये हिंसा कमी. बरोबर आहे. दर वर्षी चकचकीत छापील क्षमावाणी पत्रिका पाचशे काढून गावभर वाटण्याच्या मी विरुद्धच आहे. त्यावर छापणाऱ्याच्या दुकानाचं नाव क्षमेपेक्षा मोठं असतं. पण मी पाचशे म्हणत नाही, एक म्हणते. एका माणसाला, ज्याला लिहिताना हात थांबतो त्याला. दुसरं म्हणणं असतं की पत्ताच माहीत नाही. मग विचारा. तुमचा पत्ता काय हो, असं सात वर्षांनी कुणाला विचारून बघा, निम्मं काम तिथेच होतं की नाही. तिसरी म्हणते, अक्षर खराब आहे. माझंही आहे.

जाऊबाईंचं उत्तर आलं का, हे तुम्ही विचारणारच. पत्र आलं नाही. दिवाळीच्या आधी त्यांच्या सुनेचा फोन आला. कार्ड पोचलं म्हणाली. "आईंनी दोनदा वाचलं, मग आम्हाला मोठ्यानं वाचायला लावलं, मग जिनवाणीच्या कपाटात ठेवलं. बोलल्या काही नाहीत." आणि संक्रांतीला एका मुलाबरोबर साबुदाण्याच्या पापडांचा डबा आला. साबुदाण्याच्याच. त्यात टोमणा होता की गोडवा, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. सासूबाई म्हणतात, दोन्ही. मी डबा रिकामा परत पाठवायचा नाही म्हणून त्यात शेंगदाण्याची चटणी भरली आणि वर बार्शीच्या पत्त्याचं दुसरं कार्ड ठेवलं नाही, ते पोस्टानं वेगळं पाठवलं.

या वर्षीचे दशलक्षण आता आलेच. कार्डं पोस्टाच्या खिडकीवर मिळतात, कधी संपलेली असतात, तेव्हा आजच विचारून ठेवा. टाकायच्या आधी पेटीवरची पत्रं काढण्याची वेळ वाचा, कुलूप बघा आणि फटीवर जाळं असेल तर दुसऱ्या पेटीकडे जा. तुमच्या गावच्या पेटीचा फोटो मला जरूर पाठवा. पण आधी विचारीन, कार्ड टाकलंत का? जयजिनेंद्र.